विक्रोळीच्या एका प्रेक्षकाचं मत

सुनंदा राणे आमच्या अंधेरीच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांच्या हातात पेपरातून कापलेली सिनेमाची जाहिरात होती. जाहिरातीत त्यांचं नाव होतं. नावाच्या वरचं वाक्य मी लिहून घेतलेलं होतं.

"हे बंद करा," त्या म्हणाल्या. "आणि छापा, की मी असं बोलले नाही."

आमची सिनेमांची पब्लिसिटी करणारी छोटी एजन्सी. मालक दलालसाहेब, एक टायपिस्ट आणि मी. नवा पिक्चर लागला की मी थिएटरच्या दाराशी ओपिनियन कार्डं घेऊन उभी राहायचे. कार्डावर नाव, राहण्याचं ठिकाण, मत आणि सही. त्यातली निवडक मतं नावासकट जाहिरातीत जायची. अनोळखी माणसाशी बोलायला मी बिचकायचे, पण हातात कार्ड असलं की निभायचं. सुरुवातीला मी सगळ्यांची मतं नीटनेटकी करून लिहायचे. दलालसाहेब वैतागले. 'पिक्चर चांगला आहे' वाचून तिकीट कोण काढतं, माणूस बोलला तसंच्या तसं उतरव, म्हणाले. माझी शाळा इंग्लिश मिडियमची, मराठी लिहिताना हात अडायचा. तरी एक शब्द न बदलता लिहायला मी शिकले, आणि ते आपल्याला जमतं याचा मला अभिमान होता.

हा पिक्चर व्हॅम्पायरचा होता. माणसाचं रक्त पिऊन जगणारी बाई. पण ती सरकारी हॉस्पिटलात नर्स असते आणि बरे न होणारे, मरण मागणारे पेशंटच निवडते. काही जण खरंच मागतात. बाकीच्यांनी मागितलं होतं, की तिनेच तसं गृहीत धरलं, ते पिक्चर सांगत नाही. शेवटी तिला कोणी पकडत नाही. ती दुसऱ्या वॉर्डात ड्युटी लावून घेते, संपलं.

घाटकोपरला मॅटिनी सुटल्यावर मी दाराशी होते. कॉलेजची दोन मुलं चिडली होती. भुताच्या पिक्चरमध्ये एक मांत्रिक नाही, एक किंकाळी नाही, आमची वाट लावली, म्हणाली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कार्ड फाडून माझ्या हातात दिलं. खुनी बाईला देवी करता, लाज वाटत नाही का, असं त्यांनी मला विचारलं, जणू पिक्चर मीच काढला होता. बरेच जण माझ्याकडे न बघता निघून गेले.

सुनंदाबाई सगळ्यात शेवटी आल्या. एकट्याच. चाळिशीच्या, हातात रिकामी पिशवी. तुम्हीच लिहा, मी सांगते, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ती आमच्या दारात आली असती तर मी तिला आत घेतलं असतं."

मी लिहिलं. त्यांनी सही केली. ऑफिसात येऊन त्या वाक्याखाली लाल रेघही मीच मारली. दलालसाहेब म्हणाले, झकास, हेच वर टाका. वाक्यासाठी पहिल्यांदाच माझं कौतुक झालं.

आता त्या समोरच्या खुर्चीत बसून सांगत होत्या. सासू चार वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं सुनंदाबाईंनीच केलं. ती जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा त्या ह्या पिक्चरला गेल्या, घरी न सांगता. घरात बोलणी खायला तेवढंच पुरे होतं. त्यात नणंद त्यांच्याच चाळीत राहणारी. तिने जाहिरात वाचली आणि भावाला दाखवली. बघ, आई गेली तेव्हा हिने कोणासाठी दार उघडलं ते विचार, म्हणाली.

"तीन दिवस झाले, नवरा माझ्या हातचं जेवत नाही," त्या म्हणाल्या. "नणंदेकडे जेवतो. मुलीलाही तिकडेच ठेवलंय. मला गावाला धाडायचं चाललंय."

दलालसाहेबांनी फाइलमधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "सही तुमचीच ना, बाई? मग आम्ही खोटं काय छापलं?"

त्यांनी कार्ड उचलून वाचलं. सही नाकारली नाही.

"सर, ते वाक्य माझं आहे," मी म्हणाले. "ह्या फक्त 'बरा आहे' म्हणाल्या होत्या. सही आधी घेतली. बाकीचं मी मनाने लिहिलं."

दलालसाहेब हसले. "तू? तुला मराठीत सुट्टीचा अर्ज लिहिता येत नाही. असं वाक्य तू लिहिणार?"

मीच लिहिलं, मी परत म्हणाले. शेवटी त्यांनी लेटरहेड माझ्यापुढे सरकवलं. लिही मग, म्हणाले, पण मतं बनवणारी मुलगी मला ठेवता येणार नाही, हे समजून लिही. मी समजून लिहिलं. मत माझ्या मनाचं होतं, राणेबाईंचं नव्हतं, एजन्सी दिलगीर आहे. त्यांनी शिक्का मारला. सुनंदाबाईंनी पत्र दोनदा वाचलं, पिशवीत ठेवलं आणि माझ्याकडे न बघता गेल्या.

पिक्चर आठवड्यात उतरला. महिनाअखेरीस मीही निघाले.

त्यानंतर एका रविवारी मी विक्रोळीला त्यांच्या चाळीत गेले. सुनंदाबाई दारातच उभ्या राहिल्या. नवरा पत्र वाचून परत घरी जेवायला लागला होता. नणंदेचं मत वेगळं होतं. अशी पत्रं कोणीही आणतं, ती म्हणत होती. मुलगी अजून तिच्याकडेच होती. दिवसा येते, झोपायला तिकडे जाते.

"तू खोटं लिहिलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पण आता येऊ नकोस, बाय. ती बघतेय."

खरंच समोरच्या दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती आणि तिचे हात थांबले होते.

सासू कशी गेली ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती, आणि उत्तर मिळालं असतं तर त्याचं काय करायचं हेही मला कळलं नसतं. सुनंदाबाईंनी काही केलं असेल किंवा नसेल. मला माहीत नाही.

हल्ली मी एका मार्केट रिसर्च कंपनीत आहे. घरोघरी जाऊन साबणाबद्दल विचारते. साबणावरून बाई स्वतःच्या घराबद्दल बोलायला लागली की मी ऐकते, पण लिहीत नाही. सुपरवायझरच्या मते माझे फॉर्म जरा कोरडे असतात.