रस्त्यापलीकडची विहीर

माझे सासर आणि माहेर समोरासमोर. मध्ये फक्त रस्ता. पण देवासचा तो रस्ता म्हणजे दोन राज्यांची हद्द होती. सासरच्या बाजूला थोरली पाती, म्हणजे राजघराण्याची थोरली शाखा, पलीकडे धाकटी. दोन महाराज, दोन कचेऱ्या, दोन म्युनिसिपालिट्या. लग्न होऊन मी रस्ता ओलांडला एवढेच, पण राज्य बदलले.

माझे यजमान थोरल्या पातीच्या शाळेत मास्तर होते आणि दरबारने त्यांना म्युनिसिपालिटीवर सभासद नेमले होते. त्या साली आमच्या आळीत पटकीची साथ आली आणि माझे धाकटे दीर त्यात गेले. घरांमागे सांडपाणी तुंबून राहायचे, त्यानेच साथ पसरली असे सगळे म्हणत. म्युनिसिपालिटीने ठराव केला की रस्त्याच्या कडेने मोठे गटार खणायचे आणि पाणी हद्दीजवळच्या जुन्या खाणीच्या खड्ड्यात सोडायचे. यजमानांनी ठरावाच्या बाजूने मत दिले. भावाचे तेरावे नुकतेच झाले होते. दुसरे मत ते देणार तरी कसे?

खड्डा आमच्या हद्दीत होता, पण त्याच्या समोर, रस्त्यापलीकडे, धाकट्या पातीची विहीर होती. माझ्या माहेरचे पिण्याचे पाणी तिथलेच. खणायला सुरुवात झाली त्या सकाळी पलीकडची माणसे रस्त्यावर येऊन उभी राहिली. माझे वडील त्यांच्या पुढे होते. त्यांची हयात धाकट्या पातीच्या कचेरीत गेली होती आणि त्यांच्या शब्दाला मान होता. आमच्याकडचे शिपाई लाठ्या घेऊन आले, तसे तिकडचेही आले. मी दारात उभी होते. त्यांच्यातला एक माळी आमच्या शिपायाला शांतपणे म्हणाला, "भिया, पानी तो सबको पीनो है." त्या दिवशी लाठी चालली नाही, पण काम थांबले.

मग दोन्ही दरबारांनी मिळून कमिशन नेमले. तिऱ्हाईत म्हणून धारचे एक डॉक्टर, धाकट्या पातीकडून माझे वडील आणि थोरल्या पातीकडून माझे यजमान. सासरे-जावई आहेत, आपसात मिटवतील, असा कोणीतरी विचार केला असावा. झाले उलटेच. घरी येऊन यजमान मला म्हणाले, "कमिशनचे काम संपेपर्यंत तू पलीकडे जाऊ नकोस. इकडची गोष्ट तिकडे जाते असे कोणी म्हणायला नको."

मी गेले नाही. सकाळी आई सडा घालायला यायची, तेव्हा मीही दारात यायची. आम्ही एकमेकींकडे बघायचो आणि आत जायचो.

खड्ड्याखाली अखंड खडक आहे, पाणी झिरपणार नाही, असे यजमानांचे म्हणणे. वडिलांचे म्हणणे, झिरपणारच. डॉक्टरांनी वाद थांबवला. खड्ड्यात गटाराचे पाणी न सोडता साधे पाणी भरायचे, त्यात मिठाची पोती ओतायची आणि विहिरीचे पाणी रोज चाखायचे. विहिरीवर दोन्ही पातींचे शिपाई पहाऱ्याला बसवले, म्हणजे कोणाला शंका नको.

ते दिवस फार वाईट गेले. रोज पाणी गोडच निघे. तसा यजमानांचा चेहरा थोडा सैल पडू लागला, आणि मी मात्र देवापुढे बसले की काय मागावे तेच मला कळेना. खारट निघाले तर नवरा खोटा पडणार, गोड निघाले तर गटार सुरू होणार, आणि आई तेच पाणी पिणार.

एका दुपारी विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांची गडबड ऐकू आली. डॉक्टरांनी दोघांनाही बोलावणे धाडले. मी दाराआडून पाहत होते. वडिलांनी लोटा तोंडाला लावला आणि यजमानांच्या हाती दिला. यजमानांनी घोट घेतला. थांबले. पुन्हा घेतला. मग घरी येऊन पगडी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "खारट आहे."

खरी कसोटी पुढेच होती. म्युनिसिपालिटीच्या सभेत काय झाले ते त्यांनी मला त्याच संध्याकाळी सांगितले. अध्यक्ष म्हणाले की मीठ विहिरीत कोणी टाकले हे उघड आहे, तुमच्या सासऱ्यांचा हात कुठवर पोचतो ते आम्ही जाणतो. तुम्ही अहवालावर सही करू नका, म्हणजे प्रकरण लोंबकळत राहील. सगळी सभा यजमानांकडे बघत होती.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारले.

"म्हणालो, पहाऱ्याला आपलेही शिपाई होते. आणि पाणी मी स्वतः प्यायलो आहे. मी सही करणार."

त्यांनी सही केली. खड्ड्याचा बेत रद्द झाला. गटार लांबच्या वाटेने, आमच्याच हद्दीतल्या पडीक जमिनीकडे वळवायचे ठरले. सभासदांच्या पुढच्या नेमणुका झाल्या तेव्हा यजमानांचे नाव वगळलेले होते. शाळेतली नोकरी राहिली, पण अध्यक्षांच्या घरचे लोक आमच्याकडे हळदीकुंकवालासुद्धा यायचे बंद झाले.

अध्यक्षांच्या आरोपामुळे सही झाल्यावरही मी पलीकडे गेले नव्हते. नेमणुका जाहीर झाल्यावर वडील आमच्याकडे आले. ओटीवर बसले. म्हणाले, "जावईबुवा, पाणी गोड निघाले असते तर मी सही केली असती की नाही, मला ठाऊक नाही."

यजमानांनी मला चहा टाकायला सांगितले. चहा घेऊन मी बाहेर आले तेव्हा दोघे नव्या गटाराच्या उताराबद्दल बोलत होते, आणि तिथेही त्यांचे पटत नव्हते. मी कप ठेवले, पदर सावरला आणि आईकडे निघाले.