पश्चिमेला कोयना

आमचे मामंजी, आदगोंडा, जेवायला बसले तरी एक गुडघा उभा ठेवून बसत. उठायला बरं पडतं, म्हणत. माधवनगरजवळ आमचा ऊस-हळदीचा मळा, पण मालक मळ्यात सापडतील याची खात्री कुणालाच नसे. बैल बघायला ते विजापूरकडे जात, बियाणं बघायला हुबळीला. शिराळ्याची नागपंचमी एकही चुकवली नाही. शिखरजीची यात्रा तीनदा झाली. घरी आले की दोन दिवस बरे जात. तिसऱ्या दिवशी अंगणात येरझाऱ्या सुरू. मग आम्ही समजायचो, पिशवी भरायची वेळ झाली.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई पद्मावती, ती पिशवी भरून द्यायच्या. धोतरजोडी, दशम्या, पाणी गाळायचं फडकं. स्वतः मात्र मिरज-सांगलीच्या पलीकडे फारशा गेलेल्या मी पाहिल्या नाहीत. एकदा फक्त श्रवणबेळगोळला, बाहुबलीच्या दर्शनाला.

पंचाहत्तर सालच्या माघात त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. वसंतपंचमी होती, नवरा सतरा वर्षांचा नि नवरी अकराची, एवढं नक्की. माझे यजमान धन्यकुमार यांचं कुपवाडला लहानसं वर्कशॉप. तिथल्या कुणाच्या तरी घरी असा समारंभ बघून आले नि म्हणाले, “अण्णा, आपण मोठं जेवण करू. दोन्हीकडची माणसं बोलवू.”

“जेवणं रोजच होत्यात की रं,” मामंजी म्हणाले. “मला हिला बोटीतनं न्यायचं हाय.”

आम्हाला वाटलं, हरिपूरच्या संगमावर नावेतून. पण नाही. मुंबईहून पणजीला जाणारी आगबोट. सकाळी सुटते, दुसऱ्या दिवशी पोचवते. एका बाजूला किनारा, किल्ले, नारळीची बनं, दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी. ही सगळी माहिती त्यांनी मिरज स्टेशनवर कुणा गोव्याच्या माणसाला धरून काढली होती. मग एकाएकी आवाज उतरवून म्हणाले, “पन्नास वर्षं मी हिंडलो नि ही माझी पिशवी भरत बसली. एकदा दोघं मिळून जावं म्हणतो. पुढं माझं गुडघं काय म्हणतील, सांगता येत न्हाई.”

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“चालंल न्हवं?” मामंजींनी विचारलं.

“बघू,” त्या म्हणाल्या.

त्या ‘बघू’ला मामंजींनी होकार धरलं. माझ्या यजमानांनी पत्र टाकून चौकशी केली, तिकिटं राखून ठेवायला मुंबईच्या मेव्हण्याला कळवलं. मी मात्र आत्याबाईंकडे बघत होते. घासलेली कळशी त्या पुन्हा घासायला घेत. तुळईवरची वळकटी काढत, परत ठेवत. बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, येताना वाटेत थांबत. एवढ्या शांत बाईला मामंजींचं वारं लागलं की काय, असं मला वाटून गेलं.

आठव्या दिवशी मामंजी चुलीपाशी येऊन उभे राहिले. “बोटीत दिवस मावळायच्या आत जेवाय पायजे. तिथलं काय आपल्याला चालायचं न्हाई. दशम्या जास्तीच्या कर.”

आत्याबाईंनी तवा खाली उतरवला. “मला यायला जमायचं न्हाई.”

“का? समुद्राचं भ्या वाटतं?”

“भ्या कशाचं? माझं दिग्व्रत हाय.”

दिग्व्रत म्हणजे आमच्या जैनांत श्रावकानं घेतलेली दिशांची मर्यादा. या दिशेला इथवर, त्या दिशेला तिथवर. त्यापलीकडे जन्मभर पाऊल टाकायचं नाही. घेणारे आता थोडेच.

“कवा घेतलंस?”

“बावन्न साली. महाराजांचा चातुर्मास होता गावात. तुमी बी घेतला की नियम माझ्याबरोबर.”

“मी तर मोकळं घेतलं! पूर्वेला शिखरजी, उत्तरेला हिमालय, पश्चिमेला समुद्राचा शेवट. महाराजसुद्धा हसले हुते.”

“तुमचं झालं नि तुमी उठून बाहेर गेला, बैलं बघायला. मग माझी पाळी आली.”

मामंजी तिथेच उभे. त्या बोटांवर मोजत सांगू लागल्या, “पूर्वेला जत. दक्षिणेला श्रवणबेळगोळ. उत्तरेला नीरा नदी. पश्चिमेला कोयनेचं पात्र. वर बाहुबलीच्या डोंगराइतकं, खाली विहिरीच्या तळाइतकं.”

“तेवीस वर्षं झाली, मला का सांगितलं न्हाईस?”

“तुमी कवा विचारलं, चल म्हणून?”

 मामंजी चिडून म्हणाले, “एवढं तोकडं घ्यायला कुणी सांगितलं हुतं?”

“त्या साली तुमी चार म्हैनं घरात न्हवता. धन्या तापानं फणफणलेला. दोघांतल्या एकाला तरी दावं पायजे का नको?” त्यांनी तवा परत चुलीवर ठेवला. “मी माझं मला बांधून घेतलं.”

पुढचे चार दिवस घरात कुणाला चैन नव्हती. मामंजी सकाळी बस्तीत, दुपारी यांच्या वर्कशॉपमध्ये, संध्याकाळी अंगणात. अखेर आमच्या उपाध्यांना, म्हणजे बस्तीच्या पुजाऱ्यांना, घरी घेऊन आले.

“उपाध्ये, हिची मर्यादा वाढवून द्या. पणजीपतोर.”

“वाढवता येत नसते, अण्णा. कमी करता येते.”

“मग असं करा. पूर्वेचं जत सोडतो आमी. पार मिरजेपतोर मागं या. तेवढं अंतर पश्चिमेला जोडा!”

बैलांच्या बाजारात करतात तसा सौदा. उपाध्ये पोट धरून हसले. “अहो, एका दिशेचं काढून दुसऱ्या दिशेला लावायचं नाही, हा दोष शास्त्रात नाव घेऊन सांगितलाय. तुमच्यासारखं कुणीतरी पूर्वी झालं असणार.”

आत्याबाई आतून म्हणाल्या, “आवं, तुमी जावा की धन्याला घेऊन. मी पिशवी भरून देते.”

मामंजी आत गेले नाहीत. बाहेर उभ्या उभ्याच म्हणाले, “मला धन्याला बोट दावायची न्हाई.”

तिकिटं नकोत असं मेव्हण्याला कळवायला यजमान कार्ड लिहीत बसले, तेव्हा मला कोयना आठवली. माझं माहेर कऱ्हाडचं. कोयना आमच्या घाटाशी कृष्णेला मिळते. कॉलेजात असताना धरणाच्या जलाशयाची सहल होणार म्हणून नावं दिली होती आम्ही. मी म्हटलं, “मामंजी, साताऱ्यावरून कास ओलांडलं की बामणोली. तिथून लाँच सुटते. समुद्रासारखंच पाणी, दोन्ही बाजूंना डोंगर, जंगल. आणि बामणोली कोयनेच्या अलीकडे.”

“धरणाचं पाणी बघायला पन्नास वर्षं थांबलो व्हय?” ते म्हणाले. पण तासाभरात येऊन विचारलं, “लाँच केवढी असती?”

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. “पात्राच्या पलीकडं जायचं न्हाई. चालंल?”

वसंतपंचमीला पहाटे भाड्याच्या जीपनं आम्ही चौघे निघालो. कासच्या पठारावर वारं एवढं की पदर धरवेना. मामंजी वर बोट करून म्हणाले, “बाहुबलीच्या डोंगराइतकं सांगितलं हुतंस. हे उंच निघालं तर?” आत्याबाईंनी हात जोडले. “मनात डोंगर मोजायचा असतोय, फूटपट्टीनं न्हाई.”

बामणोलीचे लाँचवाले कोंडीबा साठीचे, डोक्याला गुंडाळलेलं पांढरं फडकं. लाँच आमच्यासाठीच ठरवलेली. पाणी दिसलं तशा आत्याबाई जीपमधून सगळ्यांच्या आधी उतरल्या, कुणी हात द्यायची वाट न बघता. लाँच सुटली. पाणी काळंनिळं, काठाला तांबड्या मातीचा पट्टा, वर झाडी. आत्याबाई कठड्याला धरून उभ्या. मामंजी पुढून मागं, मागून पुढं.

“कोंडीबा, त्या पलीकडच्या खोऱ्यात काय हाय?”

“खरी मजा तिकडंच की. नुसतं जंगाल. पाणी प्याला गवं येत्यात. वासोटा किल्ला बी तिकडंच.”

मामंजींचे डोळे लकाकले. लाँच हळूहळू मध्यावर येत होती. समोरचा डोंगर जवळ येत होता, त्यातली दरी उघडत होती, आणि मामंजी दांडीला धरून पुढं झुकले होते.

आत्याबाईंनी विचारलं, “दादा, जुनी नदी कुठनं जायाची?”

कोंडीबांनी सुकाणू धरूनच चहूकडे पाहिलं. “नदी व्हय? आमचं जुनं गाव हिथंच पाण्याखाली गेलं, म्हणून सांगतो. ते सरळसोट झाड दिसतंय का, नि हिकडं ती टेकडी? त्यांच्या मधनं वळायची बगा. अजून पन्नास हात गेलो की पात्र लागतंय.”

आत्याबाई घाबरल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मग मला ह्या काठाला उतरवा. ह्यांना पलीकडं दावून आणा. मी बसते झाडाखाली.”

म्हणजे पुन्हा तेच. त्या बसणार, ते जाणार. यांनी माझ्याकडे बघितलं. मामंजी समोरच्या दरीकडे बघत होते. पन्नास हात म्हणजे कितीसं? मी मनात मोजायला लागले.

“फिरवा!” मामंजी ओरडले. एवढ्यानं की कोंडीबा दचकले. “फिरवा म्हणतो! ह्याच अंगानं घ्या.”

लाँच वळली. दरी आमच्या पाठीमागं झाकत गेली. मामंजींनी एकदाच मान वळवून बघितलं नि मग तोंड इकडच्या काठाकडे केलं.

“अण्णा, हिकडं बगण्यासारखं काय न्हाई हो,” कोंडीबा नाराजीनं म्हणाले. “उघडं माळ नि कुठं कुठं वस्त्या.”

“असू द्या. ह्या काठानं कुठवर जातंय?”

“खाली धरणाकडं, लय लांब. पर येळ लागंल.”

मामंजी वाकून आत्याबाईंना म्हणाले, “सांग, किती लांब?”

हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलेला नसावा. त्यांनी आधी सूर्याकडे पाहिलं, परत येऊन उजेडात जेवायचं होतं. मग लांब पसरलेल्या पाण्याकडे. पदर खोचला नि कोंडीबांना म्हणाल्या, “जेवायच्या येळंत मागं येता येईल, तिथवर चला. त्याच्या अलीकडं थांबायचं न्हाई.”

मामंजी शेजारी उभे राहिले, मग परत चालू लागले. “आवं अण्णा, बसा की, लाँच हलतीया!” कोंडीबा ओरडले. ते बसले नाहीत. उघड्या माळावरचं एकेक खोपट, एकेक झाड दिसलं की पुढून धावत येऊन आत्याबाईंना दाखवत होते, आणि त्या म्हणत होत्या, “बगितलं. पुढं काय हाय ते सांगा.”