दोन रंगांच्या टिकल्या

सुनेत्रा खोब्रागडेचं डोकं तापायला फार काही लागत नसे. कुणी नुसतं म्हणावं, "मॅडम, आकडा आला," की झालं. "ठिपके टाकले का?" ती विचारायची. समोरचा डोकं खाजवायचा. मग तिचा जो भडका उडायचा, त्यापुढे रायपूरचा मे महिना बरा.

कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकवायची आणि तिचा एकच धोशा असायचा. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे बघायचं असेल तर आधी कागदावर ठिपके मांडा. एक गोष्ट आडवी, दुसरी उभी, आणि दर माणशी एक ठिपका. ठिपके रेषेत चढत गेले तर एक वाढली की दुसरीही वाढते. उतरत गेले तर उलट. नुसतेच पसरले तर सरळ रेषेतला संबंध नाही. हे डोळ्यांनी बघा आणि मग संगणकाला आकडा विचारा. पण पोट्टे ऐकतील तर शपथ! बटण दाबायचं, आकडा उतरवायचा, मोकळं व्हायचं. "अरे, पोरगी न बघता लग्न ठरवता काय रे?" ती ओरडायची. पोट्टे हसायचे आणि पुन्हा बटण दाबायचे.

पोट्ट्यांचं एक वेळ सोडा हो. पण यशवंतरावांसारख्या सत्तरीच्या माणसानं तेच करावं?

यशवंतराव म्हणजे मैत्र मंडळाचे सचिव, निवृत्त इंजिनियर. नोकरीपायी रायपुरात येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांचं हे मंडळ, आणि त्याच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी सुनेत्रा मुलांना मराठी शिकवायची. इथली मुलं म्हणजे मराठीत विचारा, हिंदीत उत्तर. आपली पोरगी साक्षी तरी वाचली, पण बाकीच्यांचं काय, म्हणून तिनं हा वर्ग उभा केला, कोणाचं हसणं, कोणाचे टोमणे ऐकत, एकटीच्या जिवावर. कॉलेज ही तिची नोकरी होती. वर्ग हा तिचा जीव होता.

आणि एका संध्याकाळी यशवंतरावांचा फोन आला.

"सुनेत्राताई, मी अगदी शास्त्रीय पद्धतीनं तपासलं बरं का. कोणतं मूल किती रविवार आलं आणि वर्गाच्या परीक्षेत किती मार्क पडले, दोन्ही कॉम्प्युटरमध्ये टाकलं. कोरिलेशन जवळजवळ शून्य! म्हणजे वर्गाला येण्याचा आणि मराठी येण्याचा काही संबंध नाही. मग हॉल कशाला अडवायचा? रविवारी सकाळी योगवर्ग ठेवू. येत्या सभेत ठराव मांडतोय, तुम्हाला आधी कळवलेलं बरं."

"काका, ठिपके टाकले का?"

"कसले ठिपके?"

सुनेत्रानं फोन ठेवला आणि नवऱ्याकडे वळली. प्रशिक रेल्वेतल्या नोकरीवरून नुकताच आला होता आणि बिचारा मेथी निवडत बसला होता.

"या माणसानं पूल बांधले म्हणते! नदी न बघताच बांधले असतील!"

"मग तू टाक ना ठिपके," प्रशिक म्हणाला. "मेथीवर काहून ओरडून राहिली?"

ती बसली. हजेरी आणि मार्क समोर घेऊन पेन्सिलीनं एकेक ठिपका टाकत गेली, आणि थोड्याच वेळात तिला हसूही आलं आणि चीडही. ठिपके पसरलेले नव्हतेच मुळी. त्यांचे दोन घोळके झाले होते. एक डावीकडे वर: क्वचित येणारी, पण चांगले मार्क घेणारी मुलं. दुसरा उजवीकडे खाली: नेमानं येणारी, पण मार्क बेताचे. आणि दोन्ही घोळके आपापल्या जागी चढत होते! ज्यांचं घर मराठी, ती मुलं दांड्या मारतात, कारण त्यांना येतंच. ज्यांच्या घरात मराठी नाही, त्यांना आईबाप न चुकता पाठवतात. यशवंतरावांनी दोन्ही एकत्र कालवले आणि शून्य काढून बसले. कढी आणि खीर एका पातेल्यात ओतून चव घेतल्यावर कोणती चव लागणार, कपाळ?

पण कोणतं घर मराठी हे सिद्ध करायला हवं. तिनं पालकांना फोन लावले. "घरी मराठीच बोलता ना?"

"हो हो मॅडम, बिलकुल! घर में तो हम मराठीच बोलते हैं."

सगळ्यांचं हेच उत्तर! एकजात सगळ्यांचं! तिनं कपाळावर हात मारून घेतला. मग तिला युक्ती सुचली. आईबापांना सोडून तिनं मुलांनाच फोनवर बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला, "भूक लागली की आईले काय म्हणतो रे?" भुकेलं पोर काही पाहुण्यांसाठी भाषा बदलत नाही. मराठीत बोललं तर लाल ठिपका, हिंदीत बोललं तर हिरवा.

अर्जुन म्हणाला, "आई, खायले दे." लाल. इरावती म्हणाली, "मम्मी, भूख लगी है." हिरवी. खुद्द यशवंतरावांचा नातू वेदांत लाडात येऊन म्हणाला, "मम्मा, कुछ खाने को दो ना." हिरवा.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान!" सुनेत्रानं फोन आपटला. "आजोबा मराठी मंडळाचे सचिव आणि घरात ही तऱ्हा!"

प्रशिकनं हळूच विचारलं, "साक्षीले विचारलं का?"

"तिले काय विचारायचं? मास्तरणीची पोट्टी आहे ती. लाल."

प्रशिक मान हलवून स्वयंपाकघरात गेला. त्याला सवय होती.

शनिवारी ती साक्षीला घेऊन गोल बाज़ारात गेली. मंडळाचा प्रोजेक्टर बंद पडून वर्ष झालं होतं, आणि लॅपटॉप दाखवला की सभासद चष्मे शोधत बसतात. म्हणून तिनं ठरवलं, भिंतीवर मोठा कागद लावायचा आणि त्यावर टिकल्या चिकटवायच्या. लांबूनही दिसतात, आणि चुकल्या तर काढून दुसरीकडे लावता येतात. लाल पाकिटं, हिरवी पाकिटं. साक्षीला चमकीवाल्या टिकल्या हव्या होत्या, ती ओढणी धरून ओढत होती. "चुपचाप खड़ी रह, बाद में दिलाती हूँ," सुनेत्रा म्हणाली आणि दुकानदाराशी भावाची घासाघीस करू लागली.

रविवारी सभा भरली. मुलं बाहेर अंगणात खेळत होती. सुनेत्रानं कागद टांगला, भुकेचा प्रश्न समजावून सांगितला आणि वर्गात दाखवतात तशी पट्टी घेऊन उभी राहिली.

"रंग विसरून बघा. सगळ्या मिळून चढतात का? नाही. तेच यशवंतराव काकांनी बघितलं, म्हणजे तेही नाही बघितलं, नुसता आकडा काढला. आता फक्त लाल टिकल्या बघा. चढतात का? आता फक्त हिरव्या. चढतात का?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. चढत होत्या, अगदी स्पष्ट. एक काकू उत्साहानं म्हणाल्या, "म्हणजे वर्गामुळेच मार्क वाढतात हे सिद्ध झालं!"

"नाही हो काकू, तेही नाही!" सुनेत्रानं पट्टी टेबलावर आपटली. हे लोक इकडून ओढले की तिकडे पडतात, काय करावं यांचं? "दोन गोष्टी संगतीनं वाढतात एवढंच दिसते. काहून वाढतात ते टिकल्या नाही सांगत. पण 'संबंधच नाही' म्हणून वर्ग बंद करून राहिले ना तुम्ही, ते कारण खोटं आहे!"

यशवंतराव उठून कागदाजवळ गेले. कोणती टिकली कोणाची, ते बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. त्यांना वेदांतचं नाव सापडलं. हिरव्यात. त्यांचे कान तांबडे झाले. मग ते लाल टिकल्या तपासू लागले, आणि एका टिकलीवर त्यांचं बोट थांबलं.

"ही बघा. ही लाल आहे, जवळजवळ प्रत्येक रविवारी आलेली आहे, आणि तुमच्या लाल रांगेच्या कितीतरी खाली. सगळ्यांना सांगा, कोणाची ही?"

"एखादी असतेच तशी," सुनेत्रा म्हणाली. "पेपरच्या दिवशी सर्दी होती तिले."

"कोणाची ते विचारतोय."

"माझ्या साक्षीची."

"अच्छा!" यशवंतराव सभेकडे वळले. "बाकीच्यांच्या मुलांना प्रश्न विचारून रंग दिला. हिला विचारलं होतं?"

सुनेत्रा पट्टी उचलून पुसू लागली.

"म्हणजे सोयीप्रमाणे रंग लावले. मग तुमच्या बाकीच्या टिकल्यांवर तरी आम्ही का विश्वास ठेवायचा?"

माना हलायला लागल्या. वर्ग हातातून निसटताना तिला दिसत होता, आणि तिला यशवंतरावांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ती काहीतरी खरमरीत बोलणार, तेवढ्यात दार ढकलून साक्षी आत आली, घामानं डबडबलेली, सरळ तिच्यापाशी.

"मम्मी, भूख लगी है."

"हाँ बेटा, बस दो मिनट," सुनेत्रा म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. कोणी हसलंही नाही. हसले असते तर बरं, असं तिला वाटलं. एवढ्या लोकांसमोर, आपल्याच तोंडानं! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोल बाज़ार आठवला, सकाळची शाळेची घाई आठवली, रात्रीचं रागावणं आठवलं. सगळं हिंदीतच होतं की.

ती कागदाकडे गेली. नखानं ती लाल टिकली उचकटली आणि त्याच जागी हिरवी लावली. हिरव्या रांगेच्या अगदी टोकाला ती चपखल बसली. आता एकही लाल टिकली रेष सोडून नव्हती.

यशवंतरावांनी कागदावर पुन्हा बोट फिरवलं. वेदांतची टिकली त्याच रांगेत, थोडी खाली होती. "ठराव मागे घेतो," ते म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले. "वर्ग चालू राहू द्या. आपल्या दोघांच्याही घराला लागेल तो."

लोक उठले, चहाकडे वळले. साक्षी मात्र कागदासमोर उभी होती. आपलं नाव तिला वाचता येत होतं.

"मम्मी, मेरी लाल वाली क्यों निकाल दी?"

सुनेत्राच्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण ते हिंदीत होतं. ते तिनं गिळलं, आणि पोटच्या पोरीशी बोलायला मराठी शब्द शोधत उभी राहिली.