कोंडवाड्यात नेलेली ढोरं

चांगुणाबाईचं वावर पिंपळगाव राजापासून कोसभर आत, एका लहान गावाच्या शिवारात होतं. तीनच एकर, पण विहिरीचं. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक असं काही ना काही बारा महिने निघायचं आणि नवरा इंद्रभान ते टोपल्यांत भरून बाजारोबाजार न्यायचा. पिकवायचं हिनं, विकायचं त्यानं. बाई अंगानं काटक आणि जिभेनं तिखट. तिचा बाप धामणगाव बढ्याला लोकांच्या मोटा हाकायचा. बैल पाणी प्यायल्याशिवाय तो स्वतः तांब्या तोंडाला लावत नसे. लेकीच्या अंगात ते उतरलं होतं.

बांधाच्या पलीकडे सहदेवबुवाचं वावर. सहदेवबुवा म्हणजे बैलांचा माणूस. पोळ्याला तोरणाखाली पहिला मान पाटलाच्या बैलांचा, पण आजूबाजूच्या गावांतले लोक यायचे ते सहदेवबुवाची जोडी पाहायला. शिंगं तो स्वतः साळायचा, खांद्याला तेल स्वतः चोळायचा, गड्याला हात लावू द्यायचा नाही. बायको वारल्यावर तो गावातलं घर बंद करून वावरातल्या खोपीत राहायला आला. एकुलता एक मुलगा वामनराव अकोल्याला शाळेत मास्तर. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. त्या साली पाडव्याला सहदेवबुवाचा सालदार भांडून निघून गेला आणि बुवानं नवा ठेवला नाही.

वैशाख लागला आणि चांगुणाला दुपारचं हंबरणं ऐकू येऊ लागलं. आधी तिला वाटलं, गाय माजावर आली असेल. पण ते हंबरणं तसलं नव्हतं. ओढून ओढून, घसा कोरडा पडल्यासारखं. चौथ्या दिवशी खुरपं तसंच वाफ्यात टाकून ती बांध ओलांडून गेली.

गोठ्यात दोन बैल, एक गाय, एक कालवड. चौघांच्याही बरगड्या मोजून घ्याव्यात. दगडी डोणी कोरडी, तळाला शेवाळ वाळून पापुद्रे निघालेले. पुढ्यात कडबा होता, पण अवकाळीत भिजून काळा पडलेला. मोरा नावाच्या बैलाच्या खांद्यावर हाताएवढी जखम होती आणि तिच्यात किडे वळवळत होते.

"कोन हाय?" खोपीच्या दारातून आवाज आला. सहदेवबुवा काठी घेऊन उभा होता, दहा पावलांवर.

"मी चांगुणा, मामाजी. इंद्रभानची. ढोरायले पानी नाही डोणीत."

"सकाळीच पाजलं."

"सकाळी पाजलं तं डोणी अशी वाळली कशी? अन् मोऱ्याच्या खांद्यात किडे पडले, पाह्यलं का तुमी?"

म्हाताऱ्याचा चेहरा आवळला. "मले शिकवतं का व तू ढोरं कशी पोसाव ते? तुह्या सासऱ्याचे बैल मी पारखून आणले होते. चाल, नीघ. माह्या गोठ्यात पाय टाकू नको."

ती निघाली ती तणतणतच. एवढा नावाजलेला माणूस, आणि डोळ्यांसमोर जनावर सडतंय ते दिसत नाही? की दिसूनही वाटत काही नाही? संध्याकाळी इंद्रभान बाजारातून आला तेव्हा तिनं त्याला पाणीही न देता सगळं सांगितलं.

"सहदेवबुवाचे बैल उपाशी?" तो हसलाच. "अवं, कोनापुढे बोलू नको असं. लोक आपल्याले येडे म्हणतीन. उन्हाळ्यात सगळ्यायचीच ढोरं उतरतात."

"उतरलेलं अन् मरायले टेकलेलं मले समजत नाही का?"

"समजते. पण दुसऱ्याच्या गोठ्यात आपण काऊन डोकं घालाव?"

दुसऱ्या दिवशी ती पोलीस पाटलाकडे गेली. निवृत्ती पाटील ओट्यावर पान लावत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चुना बोटावर घेतला आणि म्हणाले, "बाई, कोनाचं ढोर कोनाच्या पिकात गेलं तं माहं काम. स्वताच्या गोठ्यात बांधलं हाय, त्याले मी काय करू? अन् तेबी सहदेवबुवा! त्यायच्या बैलाचं शेण तं आपल्या घरच्या ढोरापेक्षा चांगलं." ओट्यावरचे दोघं-तिघं हसले.

सरपंच म्हणाले, अर्ज द्या, ग्रामसेवक मंगळवारी येतो. मंगळवारी ग्रामसेवक आला नाही. पुढच्या मंगळवारी आला तर म्हणाला, हे पंचायत समितीकडे जाईल. शेवटी ती पिंपळगावच्या गुरांच्या दवाखान्यात चालत गेली. डॉक्टर तरुण होता, बोलायला बरा होता. पण तोही म्हणाला, "मालकानं बोलावल्याशिवाय मी कुणाच्या गोठ्यात कसा शिरू, बाई? त्यांना जनावर घेऊन यायला सांगा."

"मालक आणत असता तं मी कायले आली असती?" ती म्हणाली. डॉक्टरनं मान हलवली आणि पुढची शेळी पाहायला घेतली.

परतताना रस्त्याच्या धुळीत पाय भाजत होते आणि डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. जो तो बरोबरच बोलत होता. एकाचंही बोलणं खोडून काढता येत नव्हतं. आणि तिकडे डोणी कोरडीच होती.

इंद्रभानकडून तिनं वामनरावला पत्र लिहवून घेतलं. इंद्रभाननं दोनदा लिहून दोनदा फाडलं, तिसऱ्यांदा टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही. मग तिनं कुणाला विचारणंच सोडलं. दुपारी बुवा खोपीत आडवा झाला की ती दोन घागरी घेऊन बांध ओलांडायची, डोणीत ओतायची, आणि पुन्हा दोन. बैल पाण्यात नाक बुडवून असे ओढत की डोणीच्या तळाचा आवाज यायचा. पालकाची देठं, कोबीचा पाला, जे निघेल ते पदरात घालून न्यायची. मोऱ्याच्या जखमेला मात्र हात लावायला गेलं की तो पाय झाडायचा. दोन माणसं लागली असती, आणि दुसरं माणूस नव्हतं.

पाच-सहा दिवस गेले. सातव्या दिवशी घागर डोणीच्या कडेला लागून वाजली.

"चोर! कोन हाय बे तिकडं?" सहदेवबुवा काठी उगारून आला. चांगुणा जागची हलली नाही, मारतो तर मार म्हणाली मनात. काठी सणसणत आली आणि तिच्यापासून दोन हातांवरच्या खांबावर आदळली. बुवानं पुन्हा उगारली. पुन्हा खांबावरच. तोंडानं शिव्या देत तो खांबाला मारत होता.

तिच्या हातातली घागर तशीच राहिली.

"मामाजी," ती हळू म्हणाली, "मी इकडे हावो."

म्हातारा थांबला. मान आवाजाकडे वळली, पण डोळे भलतीकडेच लागलेले. उन्हात ती जवळून पाहत होती. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय धरल्यासारखं झालं होतं.

"कवापासून?"

तो डोणीच्या काठावर बसला. "मागच्या पोळ्यापासून. पयले एक डोळा गेला, मंग दुसरा. विहिरीवर एकडाव पाय घसरला, तवापासून तिकडं जात नाही. कोनी येता-जाता खोपीतल्या रांजणात पानी टाकते, तेच पुरवून पुरवून पाजतो."

"मंग सांगाव तं कोनाले! मी रोज पानी घालीन, मोऱ्याले दवाखान्यात नेऊ."

"काही नाही करायचं!" त्यानं काठी आपटली. "गावाले समजलं की वाम्या येईन. ढोरं इकून टाकीन अन् मले अकोल्याले नेऊन एका खोलीत बसवीन. तुले माह्या बैलायची आण हाय, कोनाले सांगू नको. अन् माह्या गोठ्यात दुसऱ्याचा हात लागला नाही आजलोक, आताबी नाही लागणार."

आधी तिला त्याचा नुसता राग येत होता. आता कीवही आली आणि त्यानं राग आणखीच वाढला. ज्या बैलांची आण घातली तेच मरत होते, आणि हा माणूस त्यांच्यासाठीच हट्ट धरून बसला होता. तिनं समजावलं, भांडली, शेवटी रडलीसुद्धा. बुवा उठून खोपीत गेला आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यानं गोठ्याच्या तोंडाला बाभळीचे फास, काटेरी फांद्या, आडव्या लावल्या होत्या.

तीन दिवसांनी सकाळी कालवड मरून पडलेली दिसली. बुवा तिच्याजवळ बसून तिच्या तोंडावरून हात फिरवत होता, आणि उपाशी मेली का साप चावला हे त्याला उमगत नव्हतं. चांगुणा बांधावर उभी होती. घरी जाऊन तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, कोयता घेतला आणि परत आली. बुवा कालवड ओढून न्यायला माणूस बोलवायला म्हणून चाचपडत पांदीच्या वाटेकडे निघाला होता. तिनं फास तोडले, दावी कापली आणि तिन्ही जनावरं हाकत गावाकडे निघाली.

भर सकाळी, भर रस्त्यानं. मोरा चार पावलं टाकून थांबायचा. बायका ओट्यावर आल्या.

कोंडवाड्याच्या कारकुनानं विचारलं, "कोन्याच्या वावरात घुसले?"

"माह्या."

"काय खाल्लं?"

"वांग्याचे चार वाफे," ती म्हणाली. एकही वाफा मोडला नव्हता. जन्मात पहिल्यांदा ती सरकारी कागदावर खोटं बोलली आणि खाली अंगठा उमटवला. "आता हे सरकारच्या ताब्यात हायत ना? मंग यायले पानी पाजा. अन् दवाखान्यात निरोप धाडा. कोंडवाड्यात मेलं तं तुमच्या अंगावर येईन."

कारकून चरफडला, पण नियम तसाच होता. दुपारी तोच तरुण डॉक्टर आला. त्यानं किडे काढले, औषध भरलं, आणि चांगुणाकडे एकदा पाहिलं. काही विचारलं नाही.

गावानं मात्र पुष्कळ विचारलं. म्हाताऱ्या माणसाची ढोरं कोंडवाड्यात घातली, चार वांग्यांसाठी! पाणवठ्यावर बायकांनी तिला जागा दिली नाही. इंद्रभान दिवसभर तिच्याशी बोलला नाही. खरं सांगून टाकावं तर आण आडवी येत होती.

तिला सांगावं लागलं नाही. कुणाकडून तरी कळून सहदेवबुवा त्याच संध्याकाळी गावात आला. काठीनं भिंत चाचपत, नालीत पाय घालत, कोपऱ्यावर चुकीकडे वळत. निवृत्ती पाटलांच्या ओट्याच्या खांबाला त्याचं डोकं आपटलं तेव्हा पाटलांच्या हातातलं पान गळून पडलं. कुणी हसलं नाही. तो कोंडवाड्याच्या फाटकाशी पोचला, आत हात घातला. मोरा जवळ आला. बुवाचा हात खांद्यावर गेला, पट्टीवर थबकला, पुन्हा फिरला, आणि बरगड्यांवर आला. एकेक बरगडी त्यानं बोटानं चाचपली.

"एवढी?" तो म्हणाला. "मले काऊन समजलं नाही?"

चांगुणा भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे झाली नाही.

वामनराव चौथ्या दिवशी आला. परीक्षेच्या कामावर बाहेरगावी होता, पत्र त्याला परवाच मिळालं होतं. माणूस वाईट नव्हता. ढोरं सोडवली, महिनाभर राहून त्यांना अंगावर आणलं, मग बैलजोडी धामणगाव बढ्याच्या एका शेतकऱ्याला दिली आणि गाय आत्याच्या घरी. वावर बटईनं लावलं. बाप अकोल्याला गेला. म्हाताऱ्याला जे भय होतं ते सगळं तसंच घडलं. जाताना वामनराव चांगुणाला हात जोडून गेला. बुवा बैलगाडीत बसून होता. "मामाजी, जपून जा," ती म्हणाली. त्यानं तोंड फिरवलं नाही, कारण फिरवून काय उपयोग होता; पण उत्तरही दिलं नाही.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याला थोडं दिसू लागलं, असं पुढे कानावर आलं. तो परत कधी आला नाही.

दोन वर्षांनी एका लग्नाच्या मांडवात निवृत्ती पाटील पाहुण्यांना हीच गोष्ट सांगत होते. "सहदेवबुवाले दिसत नाही, हे मी पयलेच वळखलं होतं. बैल पाह्यले अन् समजलो. मंग काय, लावली यवस्था."

चांगुणा बायकांच्या पंगतीत बसली होती. ताटात अर्धी पोळी होती. ती पंगत सोडून उठली, पाटलांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पाटील, कालवड मेली त्या दिवशी तुमी कुठं होते?"

पाटलांनी पाहुण्यांना आणखी भात वाढायला सांगितला. इंद्रभाननं तिचा हात धरून तिला बाहेर नेलं आणि दोघं घराच्या वाटेला लागली.