शुक्रवारी पुसली जाणारी ओळ

माझ्या वह्यांना ऑफिसात सगळे हसतात. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची वही, डाव्या पानावर करायची कामं, उजव्या पानावर केलेली, आणि केलेल्या प्रत्येक कामासमोर टिक. बियाण्यांच्या या कंपनीत नेटवर्क सांभाळायला लागून मला चौदा वर्षं झाली. वहीने मला कधी तोंडघशी पाडलं नाही, असं मी कोणालाही ठासून सांगत असे. त्या सोयाबीनच्या सीझनपर्यंत.

आधी कामाबद्दल थोडं. आमचं ऑफिस नवीन जालन्यात, स्टेशनवरून चालत येता येईल एवढ्यावर. प्लांट गावाबाहेर. दोन्हीकडे मिळून नऊ स्विच आहेत. स्विच म्हणजे लोखंडी डबा. त्याला तारा जोडलेल्या असतात आणि एका तारेतून आलेली माहिती कोणत्या तारेतून पुढे धाडायची ते तो ठरवतो. पूर्वी प्रत्येक डब्याला स्वतःची अक्कल होती. काही बदलायचं तर एकेका डब्यात शिरून काळ्या पडद्यावर कमांड टाइप कराव्या लागत. दोन वर्षांपूर्वी नवे स्विच आले. यांना स्वतःची अक्कल नाही. सगळी अक्कल कंट्रोलरकडे, म्हणजे सर्व्हर रूममधल्या एका मशीनवर चालणाऱ्या प्रोग्रामकडे. नियमांची यादी त्याच्याजवळ असते. तो ती डब्यांना देतो आणि डबे तेवढंच करतात, हमालांची टोळी मुकादमाचं ऐकते तसं. तरी काळा पडदा गेलेला नाही. अडीनडीला स्विचमध्ये थेट शिरून एखादा नियम हाताने घालता येतो. मुकादमाला न विचारता एखाद्या हमालाच्या कानात सांगावं, तसं.

सीझनच्या तोंडावर प्लांटवर नवा वजनकाटा बसला. ट्रॉली काट्यावर चढली की वजन थेट नवीन जालन्याच्या ऑफिसात उमटायचं, तिथून पावती मंजूर व्हायची आणि मगच ट्रॉली रिकामी व्हायची. मधे कोणालाही त्या वजनाला हात लावता येऊ नये म्हणून काट्याला जाळ्यातून वेगळी वाट द्यायची होती. पहिल्याच दिवशी दारात ट्रॉल्या उभ्या होत्या, तेव्हा मी काळा पडदा उघडला आणि प्लांटच्या स्विचमध्ये नियम घातला. एक ओळ. काटा चालू झाला.

आठवड्याने, शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर, काटा बंद पडला. स्विचमध्ये जाऊन पाहिलं तर माझी ओळ नव्हती. माझ्याच हातून काही झालं असेल म्हणून मी ती पुन्हा घातली आणि वहीत नोंद केली. पुढच्या शुक्रवारी, त्याच सुमाराला, ओळ पुन्हा गायब.

त्या दिवशी मी रिक्षा करून प्लांटवर गेले. काट्यापाशी ट्रॅक्टरांची रांग लागली होती. केदारखेड्याकडून आलेले एक वयस्क शेतकरी ट्रॉलीच्या कडेवर बसून मला विचारू लागले, "बाई, काटा जेवायला गेलाय का काय?"

"येईल हो काका, दहा मिनिटांत."

"मागच्या शुक्रवारी आल्तो, तव्हाही जेवायलाच गेल्ता. आमच्या बैलाला बी एवढी सुट्टी न्हाई." रांगेतले सगळे हसले. मग ते खाली वाकून हळूच म्हणाले, "आत म्हणतेत, हातानं लिहून घेऊ. हाताचं वजन नको बाई आम्हाला. हातानं लिहिलं की पोतं हलकं होतं."

हसणं तिथेच संपलं. वजन हाताने लिहायची वेळ दर आठवड्याला येत असेल, तर ती कोणीतरी आणत असेल. माझ्या डोक्यात तेच आलं. प्लांटच्या साहेबांच्याही डोक्यात तेच होतं.

"यंत्र वार बघून बिघडत नसतं मॅडम," ते म्हणाले. "वार माणूस बघतो. पुन्हा झालं तर मला नाव पाहिजे."

मी शोधायला लागले. स्विचच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याने आपोआप ठेवलेल्या नोंदींत, एवढंच होतं: नियम काढला, काढणारा कंट्रोलर, वेळ एक वाजून चार मिनिटं. याचा सरळ अर्थ मी असा लावला की कंट्रोलरच्या मशीनवर बसून कोणीतरी तो काढला. त्या खोलीच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे. दुसरी भाईंकडे.

भाई आमचे टेक्निशियन. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, जुन्या जालन्यात राहणारे, एजन्सीकडून कंत्राटावर आलेले. त्यांच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे हातात तार आली की त्यांना बाकी काही दिसत नाही. दर शुक्रवारी ते एकच्या सुमाराला खोली बंद करून जुम्म्याच्या नमाजाला जातात आणि अडीचला परततात. इतकी वर्षं जातात. ही गोष्ट मला नवी नव्हती, पण आता मी ती वहीत लिहिली.

मग एक पान दुमडून मी त्यावर लिहीतच गेले. शुक्रवार. एकची वेळ. किल्ली. त्याखाली, कॉरिडॉरमध्ये फोनवर म्हणाले, "हो गया काम, निकल रहा हूँ." त्याखाली, मला पाहून आवाज खाली केला. आवाज त्यांनी खाली केला होता की मीच जवळ गेल्यामुळे बोलणं संपलं होतं, ते आज सांगता येणार नाही. त्या दिवशी माझी खात्री होती. ऑफिसात उघड कोणी काही बोललं नाही, पण "शुक्रवार" हा शब्द सगळे एका विशिष्ट सुरात म्हणायला लागले होते. मी कोणाला थांबवलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी मी त्यांना विचारलं. आडून, सहज विचारल्यासारखं.

"भाई, शुक्रवारी निघण्याआधी तुम्ही मशीनवर काय करता?"

"जे लिहून दिलंय ते करून राह्यलो मॅडम."

"म्हणजे काय?"

"तुमच्या यादीतलं. बराबर करतो, टिक बी मारतो. का? काही चुकलं का?"

"नाही, असंच."

जागेवर येऊन मी दुमडलेल्या पानावर लिहिलं: थेट उत्तर दिलं नाही.

शुक्रवारी एक वाजून सहा मिनिटांनी ओळ गेली. मी साहेबांना नाव दिलं. पुरावा विचारला तेव्हा दुमडलेलं पान वाचून दाखवलं. वाचताना ते फार व्यवस्थित वाटलं. आकडे घातलेले, एकाखाली एक.

शनिवारी एजन्सीला फोन गेला. चौकशी होईपर्यंत येऊ नका, असं भाईंना सांगण्यात आलं. कंत्राटी माणसाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. वजनात गडबड केल्याचा ठपका एकदा लागला की जालन्यात दुसऱ्या कोणत्याही प्लांटचं दार उघडत नाही. तेही त्यांना माहीत असणार. ते भांडले नाहीत. माझ्या टेबलावर किल्ली ठेवली आणि म्हणाले, "वरचं कुलूप जरा दाबून फिरवा मॅडम. अटकतं." बाकी काही नाही. काही बोलत नाही म्हणजे मनात काहीतरी आहेच, असंही मला तेव्हा वाटलं होतं.

पुढचा आठवडा त्यांची कामं माझ्याकडे आली. कुलूप खरंच अटकत होतं. आत रॅकच्या दारावर प्लास्टिकच्या पिशवीत माझ्याच अक्षरातली यादी लटकलेली होती, दोन वर्षांपूर्वी नवे स्विच आले तेव्हा मी लिहिलेली. शेजारी दोरीला बांधलेलं रजिस्टर. यादी माझीच म्हणून ती मी पुन्हा कधी वाचली नव्हती. लिहिणारी मी होते आणि करणारे ते. दोन वर्षांचे शुक्रवार रजिस्टरमध्ये एकाखाली एक होते, प्रत्येकासमोर वेळ आणि बारीक टिक.

शुक्रवार आला. सहावं काम होतं: जेवणाच्या सुट्टीत, काटा व बिलिंग थांबलेले असताना, कंट्रोलरचा बॅकअप घेणे, कंट्रोलर बंद करून पुन्हा सुरू करणे. मी बॅकअप घेतला. कंट्रोलर बंद केला, सुरू केला. एक वाजून पाच मिनिटं अशी वेळ लिहिली, टिक मारली आणि जेवणाचा डबा उघडला.

दीड वाजून गेल्यावर प्लांटवरून फोन आला. "मॅडम, काटा."

"काटा काय?"

"गेला."

हातातला घास तसाच ठेवून मी काळा पडदा उघडला. याआधी प्रत्येक वेळी मी फक्त काट्याची ओळ शोधायची कमांड देत होते. ती आहे की नाही, एवढंच. त्या दिवशी पहिल्यांदा सगळे नियम दाखवायची कमांड दिली. प्रत्येक नियमापुढे तो स्विचमध्ये किती सेकंदांपासून आहे ते लिहिलेलं असतं. माझ्या समजुतीने काही नियम सीझनभर जुने असायला हवे होते, काही दोन वर्षांचे. पण सगळ्या ओळी एका वयाच्या होत्या. गुणाकार-भागाकार करून मागे गेले तर सगळ्यांचा जन्म एक वाजून पाच मिनिटांचा.

माझी ओळ कोणी वेचून काढली नव्हतीच. सुरू झाल्यावर मुकादमाने आपली यादी उघडून टोळीला नव्याने कामं वाटली होती आणि त्याच्या यादीत नसलेलं सगळं पुसलं होतं. मी कानात सांगितलेलं त्याला कुठून माहीत असणार? नियम हाताने घातला तर तो नंतर कंट्रोलरच्या यादीतही टाकायचा, हे मी नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवते.

मग मी मागची वही काढली. ती सीझन सुरू होता होता संपली होती. पानं संपल्यामुळे शेवटचं काम पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलेलं सापडलं: काट्याचा नियम हाताने घातला, कंट्रोलरच्या यादीत टाकणे. समोर टिक नव्हती. राहिलेली कामं नव्या वहीत उतरवून घेताना मी पानंच तेवढी पाहिली होती, पुठ्ठा नाही.

मी नियम कंट्रोलरमध्ये टाकला. कंट्रोलर बंद करून पुन्हा सुरू केला. ओळ जागेवर राहिली. काटा चालू झाला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

हे सगळं करताना मला कोणी पाहिलं नव्हतं. इथून पुढे ती ओळ कधीच पुसली जाणार नव्हती, आणि लोकांना एवढंच दिसलं असतं की भाई गेले आणि काटा सुधारला. मी गप्प राहिले असते तर माझं गप्प राहणंच त्यांच्याविरुद्धचा सगळ्यात पक्का पुरावा झालं असतं. जुनी वही पिशवीत टाकावी, असं मनात आलं होतं. पुठ्ठ्यावरचं कोण वाचतं?

संध्याकाळी साहेबांपुढे वही ठेवली आणि म्हटलं, "नाव बदलायचं आहे."

"कोणाचं?"

"मी दिलेलं. तिथं माझं लिहा."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झालं ना आता बंद? मंग कशाला उकरून काढता मॅडम? एजन्सी दुसरा माणूस देऊन राह्यली."

त्या क्षणी मला त्यांचाही संशय आला, की यांना नाव हवं होतं, कोणाचं ते महत्त्वाचं नव्हतंच. पण तो मी वहीत लिहिला नाही. तिथेच बसून एजन्सीला मेल लिहिला: चूक कोणाची, कशी झाली, कोणत्या तारखेपासून. पाठवला. मग साहेबांना दाखवला.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या जालन्यात गेले. धान्याच्या ठोक दुकानांमागच्या गल्लीत, भावाच्या दुकानात, भाई एक मिक्सर उघडून बसले होते. मला पाहून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ते मिक्सरचा स्क्रू फिरवत ऐकत होते.

"यादी तुमचीच होती ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी सांगितलं होतं ना, यादीतलं करतो म्हणून?"

"हो."

"मंग त्याच दिवशी पाहिली का न्हाई?"

त्यांचे भाऊ चहा सांगायला उठले तेव्हा भाईंनीच त्यांना हाताने थांबवलं. "मॅडमला जल्दी असंल," ते म्हणाले. मला घाई नव्हती. मी निघाले.

सोमवारी ते आले. हातात एक वही होती, हिरव्या पुठ्ठ्याची. माझी यादी त्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून आणली होती आणि प्रत्येक कामासमोर एक रिकामा चौकोन आखला होता.

"हे काय भाई?"

"तुमच्या सहीसाठी. आधी सही, मंग काम."

तेव्हापासून दर शुक्रवारी एक वाजायला दहा मिनिटं असताना मी सर्व्हर रूममध्ये जाते. सहाव्या कामाच्या चौकोनात सही करते. भाई कंट्रोलर बंद करतात, सुरू करतात, मग काळा पडदा माझ्याकडे वळवतात. मी सगळे नियम दाखवायची कमांड देते आणि काट्याची ओळ मोठ्याने वाचते. वाचून झाल्यावर ते टिक मारतात, वही आपल्या पिशवीत घालतात आणि नमाजाला निघतात. वही खोलीत ठेवत नाहीत.

मध्ये एका शुक्रवारी मीटिंग होती, मला उशीर झाला. ते दारात उभे होते, चपला घालून, घड्याळ बघत. मी म्हटलं, "अहो भाई, करून टाकायचं होतं. एवढे दिवस झाले, आता तरी विश्वास ठेवा."

"ठेवला ना मॅडम," ते म्हणाले आणि वही पुढे केली. "सही कुठंय?"