बाईंचं अक्षर

हे ऐकणारे तुम्हीच पहिले. बायकोला सांगितलेलं नाही, दुकानातल्या भागीदाराला तर नाहीच. शहापूरला एसटी स्टँडच्या मागे माझं फ्लेक्सचं दुकान आहे — बॅनर, पत्रिका, पाट्या. दिवसभर अक्षरांशीच काम. आणि अक्षराच्याच बाबतीत मी एक गोष्ट केली... चोरी म्हणाल का तुम्ही? नाही. चोराला निदान ती वस्तू हवी असते.

आधी बाईंबद्दल सांगतो. डोळखांबकडे आमचा पाडा, तिथून चालत शाळेत यायचो. सातवीला मराठी शिकवायला या बाई. त्यांचं अक्षर — कसं सांगू? खडू फळ्याला टेकला की वर्ग गप्प व्हायचा. किंचित उजवीकडे झुकलेलं, वेलांटी अशी, की जणू शेजारच्या अक्षराच्या खांद्यावर हात ठेवलाय. कुणाला मानपत्र लिहून हवं असलं की लांबून लोक बाईंकडे यायचे.

माझं अक्षर वाईट होतं. ते मी नाकारत नाही.

एकदा पालकांना बोलावलं. आय आली, बाईंसाठी पदरात परसातल्या काकड्या घेऊन. म्हणाली, "बाई, याला जरा बगा. आमाला काय वाचाय येत नाय." बाईंनी माझी वही उघडली, वर्गाकडे वळवली आणि म्हणाल्या, "आईचा अंगठा, पोराचे कोंबडीचे पाय. या घरात अक्षर यायचं कुठून?"

वर्ग हसला. आणि आयही हसली. तिला वाटलं, बाई काहीतरी गमतीचं बोलल्या. पदराआड तोंड लपवून हसत तिनं काकड्या टेबलावर ठेवल्या. बाईंनी ठेवून घेतल्या.

मार खाल्ला असता तर विसरलो असतो. आयचं ते हसणं — ते कसं विसरायचं?

वर्षं गेली. बाई निवृत्त होणार होत्या, मुरबाडला घर बांधलं होतं. जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, बाईंच्या अक्षराचा फॉन्ट करायचा. म्हणजे त्यांच्या हातची सगळी अक्षरं स्कॅन करून कंप्युटरमध्ये घ्यायची. मग बटण दाबलं की शब्द बाईंच्याच हातचा उमटणार. समारंभाची स्मरणिका त्यातच छापायची. काम माझ्याकडे आलं.

तेव्हाच माझ्या मनात काही ठरलं होतं का? खरं सांगतो — होतं.

त्यांच्या घरी गेलो. बाईंनी टेबल पुसलं, चष्मा पुसला, आणि अ पासून लिहायला बसल्या. काना, मात्रा, एकेक जोडाक्षर. एखादं मनासारखं उतरलं नाही की पुन्हा काढायच्या. मध्येच मला थालीपीठ केलं. ताट पुढे ठेवत विचारलं, "तुझं अक्षर कसं होतं रे?"

त्यांना आठवतच नव्हतं.

"बरं होतं," मी म्हणालो आणि खाल्लं.

निघताना त्यांनी एवढंच सांगितलं — "हे आपल्यातच ठेव हां. बाजारात नको." मी हो म्हणालो. पायाही पडलो.

फॉन्ट मी जीव ओतून केला. इतकं मन लावून मी दुसरं काही केलेलं नाही. समारंभात स्मरणिका हातात घेऊन बाई रडल्या. आणि त्याच आठवड्यात मी तो फॉन्ट आमच्या धंदेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. फुकट. खाली लिहिलं — हाताने लिहिल्यासारखा, बिनधास्त वापरा.

वापरला लोकांनी. परमिट रूमच्या बोर्डावर आला. मूळव्याधीच्या जाहिरातीवर आला. गावगुंडांच्या वाढदिवसांना कमानीएवढा झाला. पण ते तरी दुसऱ्यांनी केलं. मी स्वतः काय केलं, ते सांगायलाच तर बसलोय. त्याच अक्षरात एक पत्र्याची पाटी बनवली — 'येथे लघवी करू नये' — आणि मुरबाडला बाईंच्या गल्लीच्या तोंडाशी, ज्या भिंतीसमोरून त्या रोज देवळात जात, तिथे ठोकून आलो. ठोकताना शीळ घालत होतो.

देवळाबाहेरच्या फळ्यावर बाई रोज सुविचार लिहायच्या. निवृत्तीनंतर तेवढंच उरलं होतं. एक दिवस कुणीतरी सहज विचारलं, बाई, बॅनरवरचं अक्षर बघून गिरवता का? अगदी हुबेहूब जमतं.

हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं. आवाज शांत होता. "अरे, माझं अक्षर गावभर कसं गेलं?"

"कंप्युटर हॅक झाला बाई," मी म्हणालो. "कुणीतरी चोरलं."

त्या म्हणाल्या, "तू नको मनाला लावून घेऊस. तुझा काय दोष?"

त्या क्षणी सांगता आलं असतं ना? वही, आय, काकड्या — सगळं. निदान माझा राग तरी त्यांच्यासमोर उभा राहिला असता. पण कारण सांगून सूड घेतला तर समोरच्याला उत्तर देता येतं. मला त्यांचं उत्तर नको होतं. मला त्यांना काहीच कळायला नको होतं — आयला कळलं नव्हतं, तसंच.

त्यांनी फळा सोडला. मी मुद्दाम बघून आलो. कोरा होता, कोपऱ्यात जुन्या खडूची पांढरी धूळ. जेवण अंगी लागावं तसं वाटलं मला. वाईट वाटलं असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. वाईट वाटायला फार वेळ लागला, आणि वाटलं तेही पुरतं वाटलं नाही. अजूनही एखाद्या बॅनरवर ती वेलांटी दिसली की आधी मला बरंच वाटतं. मग दुसरं काहीतरी.

बाई आता मोबाइलवर टाइप करतात. दिवाळीला, पाडव्याला त्यांचा संदेश येतो — 'सुखी राहा, मोठा हो' — फोनमधल्या साध्या, कुणाच्याच नसलेल्या अक्षरात. मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवतो.