आत्याचा गडू

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. देवासमोर बसते रोज, पण त्याच्यासमोरही शब्द फुटला नाही – त्याला काय सांगायचं, त्याच्याच कोनाड्यातून तर उचलला होता तो गडू! तुम्हाला सांगते. मात्र समजूत घालू नका. ‘वय लहान होतं’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. एकोणीस वर्षांची घोडी होते मी.

वर्ध्याजवळच्या सेलूला राहायचो आम्ही. छप्पन साल असेल. आई लवकर गेली; मला वाढवलं आत्याने, बाबांच्या थोरल्या बहिणीने. नवव्या वर्षी तिचं लग्न, बाराव्या वर्षी कपाळ पांढरं, आणि तेव्हापासून भावाच्या घरी चूल आणि विहीर. आयुष्यात एकदाच लांबच्या गाडीत बसली – काशीला गेली तेव्हा. येताना मुठीत मावेल एवढा तांब्याचा गडू आणला. आत गंगेचं पाणी, झाकण कथलाचा डाक लावून बंद केलेलं. वाटभर खाली ठेवला नाही म्हणे, मांडीवर धरून आणला. त्या बाईने स्वतःसाठी म्हणून घेतलेली ती एकच वस्तू.

“माह्या तोंडात शेवटी हेच पानी टाकजो, सुधे,” दर एकादशीला गडू पुसताना म्हणायची. “इसरजो नको.”

मी हो म्हणायची. हो म्हणायला काय जातं?

त्या वर्षी वर्ध्याला एक नृत्याच्या बाई आल्या होत्या, मुंबईकडच्या, एका साहेबांची बायको. त्यांचं नृत्य नव्या धाटणीचं. घुंगरू नाहीत, गाणं नाही, राधा नाही, कृष्ण नाही. एक ढोलक, आणि माणसाचं अंग. बाईंनी ‘अमृत’ नावाचं नृत्य बसवलं. मरणाला भ्यालेला एक जीव अमृताचा कुंभ शोधत धावतो, मृत्यूच्या हातून तो हिसकावतो, तोंडाशी नेऊन उपडा करतो – आणि कुंभ रिकामा निघतो. मग तो रिकामा कुंभ हातात घेऊनच नाचत राहतो. तो जीव मी होते.

घरी आधी रण माजलं. सेलूची पोरगी वर्ध्यात जाऊन नाचणार? बाबा आठ दिवस बोलले नाहीत. तेव्हा मध्ये कोण पडलं? आत्याच. “नाचू दे तिले. मले तं कोनी पाय मोकळे टाकू देल्ले नाई कधी.” तिच्या या एका वाक्यावर मला परवानगी मिळाली. हे लक्षात ठेवा.

बाईंनी कागदाच्या लगद्याचा कुंभ केला होता. दिव्याखाली तो खोटा दिसायचा. बाई चिडल्या, आणि मी – शहाणी! – बोलून गेले, आमच्याकडे काशीचा गडू आहे. बाईंचे डोळे चमकले. मुठीत मावणारं अमरत्व! असलाच हवा, म्हणाल्या. मी हुरळले. कुणी पाठीवर थाप मारली की घर विकायला निघणारी जात असते ना, त्यातली मी.

पण गडू रिकामा हवा होता. आत्या कीर्तनाला गेली असताना मी मागच्या अंगणात सुरीने झाकण उचकटलं आणि पाणी धुण्याच्या दगडावर ओतून दिलं. तुळशीत तरी ओतावं? तेवढंही सुचलं नाही. नाचातल्या पुढच्या पावलांचे आकडे मोजत होते मी मनात.

वर्ध्याच्या प्रयोगात टाळ्या पडल्या. गडू उपडा केला तेव्हा तर सभागृहात श्वास ऐकू आला नाही. मृत्यू कळला म्हणे मला! एका गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी होतं. आजही त्या टाळ्या आठवल्या की वाटतं, एकेकाचे हात धरावे आणि विचारावं – कशाला वाजवल्या रे?

दुसऱ्या दिवशी गडू परत भरायचा होता. गोडं पाणी स्वयंपाकघरातल्या माठात, आणि तिथे आत्या भाकरी थापत बसलेली. गावच्या गोड्या विहिरीपर्यंत जायचा मला कंटाळा आला. मी परसातल्या खाऱ्या विहिरीचं पाणी भरलं, ज्याने आम्ही भांडी घासायचो. बाजारात डाक लावणाऱ्याने विचारलं, “काय हाय यात, बाई?” म्हटलं, गंगा. त्याने गडू कपाळाला लावला आणि मग डाक लावला.

कुणी काशीला जाईल तेव्हा दुसरा मागवू, असं ठरवलं होतं मी. लोक गेलेही काशीला. मी मागवला नाही.

फाल्गुनात आत्या आजारी पडली. आठव्या दिवशी दुपारी तिने कोनाड्याकडे बोट केलं. बाबा झाकणाशी झटू लागले, नवा डाक सुटेना. दारात शेजारच्या काकू उभ्या होत्या. म्हणाल्या, “आमच्या घरचा गडू आनू काय? यंदाचाच हाय.”

ऐकलंत? दोन घरं पलीकडे खरं पाणी होतं. मी फक्त ‘आणा’ म्हणायचं होतं. कारणही सांगावं लागलं नसतं. पण मला वाटलं, आपला गडू मग कुणीतरी उघडेल, चाखेल, विचारेल – आणि मी म्हटलं, “नको काकू. तिला तिचाच पाहिजे.”

गंगेच्या पाण्याने कुणी तरतं की नाही, ते मला विचारू नका. माझा विश्वास नाही. तिचा होता. आणि पाणी तिचं होतं.

झाकण निघालं. पळी मीच लावली तिच्या ओठांना, तुळशीचं पान घालून. तिने घोट घेतला. कपाळाला आठी पडली. माझ्याकडे पाहिलं.

“खारं लागते वं, सुधे.”

खोलीत सगळे होते. मी म्हटलं, “आत्या, तोंडाची चव गेली तुझी.”

“हो वं,” ती म्हणाली. “गेली असंन.” आणि माझ्यावर विश्वास ठेवून तिने दुसरी पळीही घेतली. काकू म्हणाल्या, पुण्यवान बाई, शेवटी गंगा मिळाली.

चाळीस वर्षं त्या विहिरीचं पाणी तिने स्वतः शेंदलं होतं. तिच्या तोंडाची चव गेली नव्हती.